विहिरीच्या डावीकडचा दगड

मित्रांनो, जुन्या वस्तू सोशीक असतात असं तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचलं असेल. फाटकी छत्री आपली कहाणी सांगते आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होते. झिजलेली चप्पलही तेच करते. मी तसा नाही. मी एक जुना कॅमेरा आहे, आणि पंचेचाळीस वर्षं मी एका माणसावर डूख धरून होतो. डूख धरायला दात लागत नाहीत. आठवण पक्की लागते, आणि आठवण ठेवणं हाच तर माझा धंदा.

आधी ओळख करून देतो. मला एकाखाली एक असे दोन डोळे आहेत. वरचा डोळा फोटो काढणाऱ्यासाठी. त्यातून आलेला उजेड आतल्या तिरप्या आरशावर आपटून डोक्यावरच्या काचेत उमटतो, म्हणून मला पोटाशी धरून, मान खाली घालून बघावं लागतं. भलेभले माझ्यापुढे मान खाली घालतात. खालचा डोळा फिल्मसाठी. तो एरवी मिटलेला असतो. कळ दाबली की क्षणभर उघडतो आणि समोर असेल ते गिळून बसतो. आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यावरून घडलं. आरशामुळे वरच्या काचेत जग उलटं दिसतं. डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. पण खालचा डोळा फिल्मवर जे टिपतो, ते नीट छापलं तर सरळच येतं. वरचा डोळा चेष्टा करतो, खालचा खरं सांगतो.

कारखान्यातून निघालो तो एका फोटोवाल्याच्या हाती पडलो. गावातल्या हमरस्त्यावर त्याचं दुकान होतं. माणूस तसा गरीब स्वभावाचा, चहा बशीत ओतून पिणारा, पण माझ्या बाबतीत भलता गर्विष्ठ. रोज सकाळी मऊ फडक्याने माझे दोन्ही डोळे पुसायचा. बाळांचे, वर्गांचे, नोकरीच्या अर्जांचे फोटो मी काढले. एका टकल्या गृहस्थाने फोटोत थोडे केस येतील का म्हणून विचारलं, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "माझा कॅमेरा खोटं बोलत नाही." त्याला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. मीही फुशारलो. खोटं का सांगू? कौतुक कोणाला नको असतं.

एके दिवशी गावाबाहेरच्या मोठ्या मळ्यावरून बोलावणं आलं.

तो मळा म्हणजे एक लहान गावच. दगडी खांबांचं फाटक, पंचवीस गाईंचा गोठा, दोन मजली कोठार, आणि मधोमध मालकांचा बंगला. मालक बेचाळीस वर्षांचे, उंचेपुरे. नवा काळा कोट शिवला होता आणि त्या कोटात त्यांना फोटो हवा होता, मागे आपली जमीन दिसेल असा. कोठाराच्या दाराशी फोटोवाल्याने मला तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलं. समोर सपाट शेत, वर मोकळं आभाळ. डाव्या हाताला हद्दीचा दगड, कमरेएवढा उंच, माथ्याला चुना लावलेला. दगडाच्या डावीकडची जमीन मालकांची. पलीकडे, म्हणजे उजव्या हाताला, एक लहानसं शेत होतं आणि त्यात एक विहीर. ते शेत आणि ती विहीर मळ्यावर कामाला येणाऱ्या माळ्याची. विहीर त्याने आणि त्याच्या बायकोने दोघांनी मिळून खणली होती. तो खाली उतरून माती भरायचा, ती वरून ओढायची. त्या वर्षी मळ्याच्या तिन्ही विहिरींनी तळ दाखवला होता. माळ्याच्या विहिरीला मात्र पाणी होतं.

मालक दगड आणि विहीर यांच्या मधोमध उभे राहिले. फोटो काढून झाला. मग त्यांना हुक्की आली, की यातून दिसतं तरी कसं ते बघू. त्यांनी फोटोवाल्याला आपल्या जागी उभं केलं आणि माझ्या काचेत डोकावले. आधी हसले. मग हसू मावळलं आणि ते बराच वेळ बघत राहिले. माझ्या काचेत दगड उजवीकडे गेला होता आणि विहीर डावीकडे, त्यांच्या बाजूला, आली होती.

मित्रांनो, ती कल्पना त्यांना माझ्या डोक्यावरच्या काचेत सापडली. हे मी स्वतःलाही कधी माफ केलं नाही.

पुढच्या महिन्यात माळी आजारी बायकोला घेऊन शहराच्या दवाखान्यात गेला. आठ दिवसांनी परत आला तर हद्दीचा दगड विहिरीच्या पलीकडे. तीस पावलं सरकलेला, नव्याने चुना लावलेला, बुंध्याशी गवत लावून पाणी घातलेलं. माळ्याने आरडाओरडा केला, मग अर्ज केला. मोजणीचे जुने कागद उंदरांनी खाल्लेले निघाले. उंदीर तेवढेच कागद कसे खातात, हे मला कोणी सांगितलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मालक फोटोवाल्याच्या दुकानात आले. दुकानाची जागा मालकांचीच होती. त्यांनी खुर्ची ओढली, नवा फोटो छापायला सांगितला, आणि फिल्मची निगेटिव्ह उलटी ठेवून छाप म्हणाले. फोटोवाल्याने हसून टाळायचा प्रयत्न केला. सांगितलं, की उलटी ठेवली तर डाव्याचं उजवं होईल. मालक म्हणाले तेच तर पाहिजे. मग त्यांनी दुकानभर नजर फिरवली, भिंतीवरच्या बाळांच्या फोटोंवरून, पडद्यावरून, माझ्यावरून. लाल दिव्याच्या खोलीत फोटोवाल्याने सवयीने निगेटिव्ह सरळच ठेवली आणि पहिला कागद वाया गेला.

सुनावणीला मलाही नेलं, साक्षीदार म्हणून टेबलावर ठेवलं. मोजणी अधिकाऱ्याने फोटो हातभर लांब धरून पाहिला. फोटोत विहीर डावीकडे, दगड उजवीकडे. आणि बाहेर शेतातही आता तसंच. माळी म्हणाला, फोटो खोटा आहे. साहेबाने फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, मग जमिनीकडे, आणि ते वाक्य म्हणाला.

"कॅमेरा खोटं बोलत नाही, साहेब."

माझ्या खऱ्याचा असा वापर झाला. विहीर गेली. पाण्याविना शेत गेलं. माळ्याची बायको त्याच वर्षी गेली. ज्याने दगड हलवला तो मालकच राहिला, आणि ज्याने दगड हलला म्हटलं त्याला गावाने नाव दिलं, दगडहलव्या. बाजारात गेला की पोरं मागून ओरडायची, काका, आमच्या दारातला दगड जरा सांभाळा हं. त्याला नऊ वर्षांची मुलगी होती. तिला शाळेत हाच मान, दगडहलव्याची पोर. बापलेक गाव सोडून शेजारच्या शहरात गेले.

त्या खोलीत, मित्रांनो, एकही शिंपी नव्हता. असता तर निकाल तिथेच फिरला असता. का, ते पुढे सांगतो.

फोटोवाल्याने त्या दिवशी पाटी खाली उतरवली आणि मला ट्रंकेत घातलं. वर स्वेटर, वर डांबराच्या गोळ्या. तेहतीस वर्षं. माझा खालचा डोळा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पाकळ्यांवरचं तेल चिकट झालं, कातडी पिशवीला बुरशी चढली. अंधार मला नवा नाही, माझ्या पोटात तोच असतो. पण त्या अंधारात उजेड येण्याची आशा असते. ट्रंकेत नुसताच डांबराचा वास होता. मी एकच चित्र घोळवत बसलो, डावीकडे दगड आणि उजवीकडे विहीर.

मग एका दुपारी ट्रंक उघडली. फोटोवाला म्हातारा झाला होता, पायाला सूज होती. त्याने मला बसमधून शहरात नेलं आणि एका शिवणाच्या दुकानात, टेबलावर ठेवलं. कापणाऱ्या बाईने गळ्यातली टेप सावरत वर पाहिलं. मी तिला ओळखलं नाही, पण टेबलामागे स्टुलावर बसून एक म्हातारा सुईत दोरा ओवत होता, त्याला ओळखलं. तो माळी होता. विहीर खणणारे हात आता कोटांना बटणं लावत होते. त्याने मात्र फोटोवाल्याला ओळखलं नाही; डोळे अधू झाले होते, बटणापलीकडचं त्याला सगळं धुकंच.

फोटोवाला म्हणाला, "पिशवीचं अस्तर..." आणि थांबला. घाम पुसला. मग म्हणाला, "नाही, पट्टाच. पट्टा नवा लावून ठेवा. आणि तोवर कॅमेरा वापरत जा ताई, नाहीतर गंजेल. मी येऊन घेऊन जाईन."

तो परत आला नाही. महिनाभरात वारल्याचं कळलं. भित्रा आला आणि भित्राच गेला. अस्तराखाली त्याने काय शिवून ठेवलं होतं, ते मला माहीत होतं. मी ओरडून सांगायला बघत होतो, पण कॅमेऱ्याला ओरडायला एकच कळ, आणि ती दुसऱ्याच्या बोटाखाली.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई शिंपीण, दिवसभर अस्तरं उसवते, तिने ते अस्तर कधीच का नाही उघडलं? तर तिच्या धंद्याचे दोन नियम होते, बापानेच, म्हणजे त्या माळ्यानेच, घालून दिलेले. एक, गिऱ्हाइकाची शिवण त्याने सांगितल्याशिवाय उसवायची नाही. दोन, गिऱ्हाइकाने नमुना दिला तर नमुन्याबरहुकूम शिवायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. पिशवीला तिने पट्टा लावला, बुरशी पुसली आणि अस्तराकडे बघून एवढंच म्हणाली, की हे ज्याने शिवलंय त्याने आयुष्यात सुई धरली नसावी. बारा वर्षं ते अस्तर तसंच राहिलं. प्रामाणिक माणसांचा कधीकधी फार राग येतो.

पण मला वापरायची परवानगी होती, ती तिने मनापासून घेतली. फिल्म विकणाऱ्या दुकानदाराला विचारून विचारून ती शिकली, चुकत चुकत. अंतर मोजायला ती गळ्यातली शिवणाची टेप वापरायची. लोक अंदाजाने आठ फूट म्हणतात. ही बाई सात फूट अकरा इंच म्हणायची. मागच्या खोलीला काळं अस्तर लावून तिने तिथेच फिल्म धुवायला सुरुवात केली, आणि धुतलेल्या फिल्मा गिऱ्हाइकांच्या पँटींशेजारी दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. एका वकिलाच्या पँटवर तिच्या फिल्मचं पाणी टिपकलं तेव्हा तिने त्याला नवा पायजमा फुकट शिवून दिला आणि वर हसूही दिलं. तिच्या हाती मी पुन्हा माणसात आलो.

आणि एका सकाळी दुकानात धाकटे मालक आले.

थोरल्या मालकांचा मुलगा, पन्नाशीचा, बोलायला गोड, सगळं आयुष्य परगावी गेलेलं. माळ्याची गोष्ट त्याला माहीत नव्हती. त्याने सांगितलं, की मळा वीस वर्षं ओस पडलाय, आता तिथे पाहुण्यांसाठी राहायची जागा करायची आहे. सुरुवातीच्या समारंभाला वडिलांना गाडीत बसवून नेणार, वय सत्त्याऐंशी आहे, आणि त्यांना तरुणपणीच्या त्या फोटोतल्यासारखाच काळा कोट घालून, त्याच जागी उभं करून फोटो काढायचा आहे. मूळ कोट कसरीने खाल्ला होता. मापासाठी त्याने वडिलांचा सदरा आणला होता, आणि नमुन्यासाठी तो फोटो.

टेबलावर फोटो ठेवला गेला. पंचेचाळीस वर्षांनी मी माझं काम पाहिलं, आणि माझ्या जुन्या डोळ्यांना घाम फुटल्यासारखं झालं.

शिंपिणीने विहीर पाहिली नाही, दगडही पाहिला नाही. शिंपीण आधी कोटच बघणार. ती वाकली. भिंग आणलं. पुन्हा वाकली. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते आणि उजवीवर बटणं असतात. वरचा खिसा डाव्या छातीवर असतो. जगातला कुठलाही शिंपी झोपेतही असंच शिवेल. फोटोतल्या कोटाची उजवी बाजू वर होती, बायकांच्या कपड्यासारखी, आणि खिसा उजव्या छातीवर. मग तिने मालकांच्या मागे नजर नेली. डावीकडे विहीर होती आणि उजवीकडे दगड.

तिचा चेहरा जराही हलला नाही. तिने फक्त एकच विचारलं, अगदी या फोटोसारखाच हवा का. धाकटे मालक म्हणाले, "हुबेहूब. बटणापासून खिशापर्यंत. इकडचं तिकडे नको."

"लिहून द्या," ती म्हणाली. त्याने हसत हसत दिलं.

मग त्याचं लक्ष फळीवर माझ्याकडे गेलं. जुना कॅमेरा, फिल्मवर काळेपांढरे फोटो निघतात हे कळल्यावर तो हरखला. मळ्याचे असे उदास, सुंदर फोटो भिंतीवर लावायचं त्याच्या मनात होतंच. तिने तेही काम घेतलं. तो गेल्यावर तिने दुकानाचं दार लोटलं. पट्टा लावायला मला आणून देणारा तो म्हातारा कोण होता, ते आता तिच्या ध्यानात आलं. तिने मला पिशवीतून बाहेर काढलं, आणि पिशवीचं ते वेडंवाकडं शिवलेलं अस्तर बोटाने चाचपलं. दोन मिनिटं तिचा नियम आणि ती, दोघं समोरासमोर बसले. शेवटी ती मेलेल्या गिऱ्हाइकाला उद्देशून म्हणाली, की तुम्ही 'अस्तर' म्हणाला होतात, मी ऐकलं होतं. आणि कात्रीचं टोक घातलं.

आत मेणकागदात निगेटिव्ह होती. चिठ्ठी वगैरे नव्हती. तेवढी हिंमत त्याच्यात कुठली.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो, फिल्मच्या कडेला कारखान्यातच बारीक अक्षरं आणि आकडे उमटवलेले असतात. निगेटिव्ह सरळ धरली तर ती सरळ वाचता येतात, उलटी धरली तर उलटी. तिने ती खिडकीशी धरली, अक्षरं सरळ येतील अशी. डावीकडे दगड होता आणि उजवीकडे विहीर. आणि मधल्या माणसाचा कोट अगदी जसा असावा तसा.

बापाला तिने त्या दिवशी काही सांगितलं नाही. फक्त तीन मोठी काळी बटणं त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "ही घट्ट लावा बाबा. खास गिऱ्हाईक आहे."

त्या आठवड्यात आम्ही मळ्यावर गेलो, ती आणि मी. चार रोल, प्रत्येकात बारा फोटो. मित्रांनो, त्या पडक्या मळ्याकडे बघून मला वाईट वाटलं असं लिहायची रीत आहे. मला वाईट वाटलं नाही. फाटकाचा एक खांब आडवा झाला होता, त्याच्याशी तिने टेप धरली, सहा फूट दोन इंच, आणि मी खांबाला आडवाच टिपला. गोठ्यात पंचवीस दावी तशीच बांधलेली होती, आणि गव्हाणीत वाळवी. कोठाराचं छत फुटून उजेडाच्या फिती खाली आल्या होत्या; तिने भिंगावर लाल काच लावली, तेव्हा बाहेरचं निळं आभाळ फिल्मवर काळंभोर उतरलं. बंगल्याच्या दिवाणखान्यात मालकांची खुर्ची होती. बसायच्या जागेतून एक रोप उगवून वर आलं होतं आणि त्याला चांगली पाच-सहा पानं होती. तिने तीन पायांवर मला ठेवलं, श्वास रोखला, आणि मी त्या पानांची शीर न् शीर घेतली. न्हाणीघर, चाबूक ठेवायची खुंटी, बियाणांचे रिकामे खण. काळ्यापांढऱ्या फिल्मला रंगाची दयामाया नसते. हिरवळ म्हणून तिथे डोळ्याला जरा थंडावा होता, तोही मी करडा करून टाकला.

विहीर सगळ्यात शेवटी. मालकांनी तिच्यावर मोठं इंजिन बसवून रात्रंदिवस उपसा केला होता आणि सहा वर्षांत तिचा झरा मेला होता. ज्या पाण्यासाठी एवढं केलं ते पाणीही त्यांना टिकवता आलं नाही. शिंपीण काठाशी जाऊन आत वाकली. आई इथून माती ओढायची, एवढं ती म्हणाली, आणि मग नाक पुसून कामाला लागली. त्या फोटोत माझा हात, म्हणजे तिचा हात, किंचित हलला आहे. तो एकच फोटो अस्पष्ट आला. तोच तिने जपून ठेवला.

समारंभाच्या दिवशी अंगणात खुर्च्या होत्या, शंभरेक माणसं होती, त्यातली निम्मी गावातली. आमचे फोटो कोठाराच्या भिंतींवर लागले होते आणि मधोमध तो जुना फोटो, माणसाएवढा मोठा करून. शिंपिणीने बापालाही आणलं होतं. बटण तुटलं तर लागेल, असं कारण सांगितलं होतं. तो काठी टेकत, फिकट डोळ्यांनी इकडेतिकडे बघत आला आणि मातीचा वास घेऊन थबकला. गावातल्या एका म्हाताऱ्याने त्याला ओळखलं आणि शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "अरे, हा तर दगडहलव्या." दबकं हसू दोन रांगांपर्यंत गेलं. मी ऐकलं. तिनेही ऐकलं.

थोरल्या मालकांना चाकांच्या खुर्चीतून आणलं. अंग आटलं होतं, पण नजर तीच. सुनेने कोट चढवला आणि दोघांनी धरून त्यांना दगड आणि विहिरीच्या मध्ये उभं केलं. शिंपिणीने टेपने अंतर मोजलं. मान खाली घालून तिने माझ्या काचेत पाहिलं.

मालकांनी बटणं लावायला हात नेला. सत्तर वर्षांची सवय असलेला हात उजवीकडे गेला, तिथे बटण नव्हतं, काज होतं. डावीकडे गेला. पुन्हा उजवीकडे. कोटाने त्यांना असं खेळवलं, जसं मांजर दोऱ्याच्या गुंडीला खेळवतं. मागे कोणीतरी खुसखुसलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"कोणी शिवलाय हा? उलटा शिवलाय. बाईचा कोट आहे हा."

धाकट्या मालकांनी घाईने मोठ्या फोटोकडे पाहिलं, मग कोटाकडे. ते म्हणाले, बाबा, तो अगदी तुमच्या फोटोतल्यासारखाच आहे, उजवी बाजू वर, खिसा उजवीकडे, मीच तसं लिहून दिलंय.

"मी कधी असला कोट घातला नाही."

शिंपिणीने मान वर केली. आवाज चढवला नाही. "पण फोटोत घातलाय, मालक. आणि कॅमेरा खोटं बोलत नाही."

सगळ्यांच्या माना त्या माणसाएवढ्या फोटोकडे वळल्या. थोरल्या मालकांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की लोक हसताहेत, आणि आपण बायकी कोट घालणारा माणूस नाही. त्यासाठी त्यांनी पंचेचाळीस वर्षं दाबून ठेवलेलं तोंडातून सोडलं.

"अरे, तो फोटोच उलटा छापलाय!"

मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. गावातल्या म्हाताऱ्यांनाही कळलं, कारण ते आता कोट बघत नव्हते, फोटोतला दगड बघत होते. कोणीतरी हाताने डावं-उजवं करून पाहिलं. धाकटे मालक म्हणाले की बाबांचं वय झालंय, काहीही बोलतात. तेव्हा शिंपिणीने खिशातून मेणकागद काढला आणि निगेटिव्ह त्यांच्या हातात दिली. कडेची अक्षरं सरळ येतील अशी धरा, एवढंच सांगितलं. त्यांनी ती आभाळाकडे धरली. बराच वेळ धरली. खाली ठेवली तेव्हा त्यांनी वडिलांकडे पाहिलं नाही. समोर काठी टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हीच का ते माळी.

माळी हळूहळू चालत थोरल्या मालकांपर्यंत गेला. लोक उठून उभे राहिले, त्यांना वाटलं आता काठी उगारतो. त्याने काठी मुलीकडे दिली. मग बोटांनी चाचपत, एक एक करून, त्याने स्वतः लावलेली ती तिन्ही बटणं काजांत घातली. बायकी बाजूने. अगदी गळ्यापर्यंत, घट्ट.

"आता असेच उभे राहा," तो म्हणाला. "हलू नका. दगड हलतात. माणसाने हलू नये."

आणि तो बाजूला झाला.

तिने कळ दाबली. माझ्या चिकट पाकळ्या थंडीत अडकायच्या, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या क्षणी एकही अडकली नाही.

तो फोटो आज त्या कोठारात, जुन्या फोटोच्या जागी, आहे. त्यात एक म्हातारा उलट्या कोटात, गळ्यापर्यंत आवळलेला, कुठे बघावं ते न कळून माझ्याकडे बघतो आहे. शेजारी जुनी निगेटिव्ह सरळ छापून लावली आहे, कडेच्या अक्षरांसकट. धाकट्या मालकांनी दगड परत डावीकडे नेऊन पुरला. बुंध्याशी गवत लावलं नाही, तशी कच्ची मातीच ठेवली. विहिरीला पाणी नाही, तेव्हा माळ्याला काय मिळालं असं कोणी विचारेल. समारंभात दगडहलव्या म्हणणारा गावातला तो म्हातारा दुसऱ्या आठवड्यात दुकानात आला होता. सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं, तेवढ्यासाठी बस बदलून आला होता. दारात उभा राहून त्याने हाक मारली, "माळीबुवा, आहात का?" माळ्याने सुई खाली ठेवली आणि म्हटलं, आहे.

थोरल्या मालकांची मला दया आली का, असं तुम्ही विचाराल. त्या फोटोत त्यांचा खालचा ओठ लोंबलेला दिसतो, मला तो अगदी स्वच्छ आला आहे. दया यायला हवी होती बहुतेक. मी शोधली. माझ्या पोटात फक्त अंधार आणि एक फिल्म होती.

तर मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना डांबराच्या गोळ्यांत कोंडू नका, मऊ फडक्याने पुसा, कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून वापरा. आणि एखाद्या वस्तूसमोर तुमच्या हातून काही वाकडं झालं असेल, तर तिला थोडं जास्त जपा. तिला राग येतो, आणि तिला वेळ भरपूर असतो.